कॅसेटमधला एकोणीस नंबर

आमच्या घरात एकच कॅसेट होती आणि ती मी किती वेळा पाहिली हे मला कुणी विचारू नये. लोकांच्या घरी लग्नाच्या कॅसेटी असतात, बारशाच्या असतात, देवाधर्माच्या असतात. आमच्याकडे होती मोटारींच्या शर्यतींची. एका वर्षात जगात ठिकठिकाणी झालेल्या सगळ्या शर्यती कापून, जोडून, पावणेदोन तासांत बसवलेल्या, आणि त्यावर एक इंग्रज माणूस श्वास न घेता बोलतोय. गिरण्यांच्या संपाच्या दुसऱ्या वर्षी, लालबागच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, आम्ही हे असलं का बघत होतो असं माझी सून विचारते. मला आता सांगायचा कंटाळा येतो. सगळं सांगायचं म्हटलं की कुठूनतरी फार मागून सुरुवात करावी लागते आणि तोवर ऐकणाऱ्याचा चहा संपलेला असतो. म्हणून एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुन्हा सांगायला नको.

बाबा गिरणीत साचेखात्यात फिटर होते. साचे म्हणजे कापड विणायचे माग. शेकडो साचे एका छपराखाली धडधडायला लागले की शेजारच्याने कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलायची. मूठ फिरवली म्हणजे पाना आण, दोन बोटं वर केली म्हणजे पट्टा सुटला, तळहात पालथा करून हळूच खाली नेला म्हणजे साचा बंद कर. बावीस वर्षं असं बोलून बाबांचे कान अर्धे गेले होते. घरीसुद्धा ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचे नाहीत, हातांकडे बघायचे. आईला त्याचा भारी राग यायचा. "मी बोलतंय ता ऐका, माझ्यो बांगडयो कित्याक मोजतास?" असं ती मालवणीत फणकारायची, आणि बाबा हसून म्हणायचे, "ऐकतंय गो, ऐकतंय." खरंच ऐकत असायचे. आईने भाकरी थापता थापता हात जरा जोरात आपटला तरी तिचं काहीतरी बिनसलंय हे त्यांना बाहेर गॅलरीत बसून कळायचं.

संपाआधी आमचं घर भोंग्यावर चालायचं. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की आईचा स्टोव्ह पेटायचा. तिची खानावळ होती. गावाहून आलेले आठ-नऊ गडी आमच्याकडे जेवायचे, भात, कुळथाची पिठी, भाकरी, आणि बाजाराच्या दिवशी बांगडा. संप सुरू झाला तसे ते एकेक करून गावाला गेले, म्हणाले, महिन्याभरात येतो. त्यांच्या जेवायच्या पितळी फळीवर पालथ्या पडून राहिल्या. भोंगा वाजेना, आणि आईला कळेना स्वयंपाक कधी करायचा. सवयीने ती पहाटे उठायची, स्टोव्हपुढे बसायची, आणि मग काही न करता तशीच बसून राहायची. दिवसाउजेडी सगळे पुरुष घरात. गॅलरीत बनियनवर बसलेल्या माणसांची रांग, त्यांना ओलांडून नळावर जायचं म्हणजे संकोच. कालवणात मासा जाऊन सुकट आली, मग सुकटही दिवसाआड आली. आई सगळ्यांच्या मागून जेवायची. "माका भूक नाय," म्हणायची आणि पातेल्याला लागलेलं पुसून घ्यायची. मी अठरा वर्षांची होते, मला दिसत होतं. बाबांनाही दिसत होतंच. पण त्यावर कोणी काही बोलायचं नाही असं आमच्यात न ठरवता ठरलेलं होतं.

तशात माझा मामा आला. तो बोटीवर खलाशी, वर्षा-दीड वर्षाने उगवायचा आणि येताना काहीबाही आणायचा. आधीच्या खेपेला त्याने बाबांना एक विलायती पाना आणला होता, जबडा मागेपुढे होणारा, मुठीत अगदी नीट बसणारा. बाबांचा त्यावर इतका जीव की तो ते रोज गिरणीत न्यायचे आणि रोज घरी आणायचे. संपातही दर शनिवारी ते तो तेलाच्या फडक्यातून काढायचे, पुसायचे, जबडा पुढे-मागे करून बघायचे आणि परत गुंडाळून ठेवायचे. या खेपेला मामाने व्हीसीआर आणला. मालवणात त्याच्या घरी अजून वीज नव्हती, आणि आमच्याकडे जुना, दारं लावायचा, काळा-पांढरा टीव्ही होता. म्हणून तो व्हीसीआर "सांभाळून ठेवा, माका घर बांधल्यार व्हयो" असं बजावून आमच्याकडे ठेवून गेला, आणि सोबत ही कॅसेट. बोटीवरच्या कुठल्याशा इंजिनियरने उतरताना त्याला दिलेली. मामाने ती पाहिली नव्हती. डब्यावर मोटारीचं चित्र होतं, तेवढ्यावर त्याने आईला छातीठोक सांगितलं, "इंग्लिश पिक्चर आसा ताई. गाड्यांची मारामारी."

झालं! अख्खा मजला आमच्या खोलीत. पोरं पुढे, बायका मागे, पुरुष दारात आणि गॅलरीत. पहिली दहा मिनिटं सगळे वाट बघत होते की आता हीरो येईल. गाड्या येतायत, जातायत, परत त्याच येतायत. मग कुणीतरी विचारलं, "अगो, ह्यात बाई नाय काय?" आणि जो हशा पिकला तो संप सुरू झाल्यापासून त्या मजल्यावर ऐकला नव्हता. बायका उठून गेल्या. पोरंही गेली. बसले ते फक्त गिरणीतले पुरुष, आणि तेही उन्हात कुठे जायचं म्हणून. पण अर्ध्या तासाने एक गाडी मधेच थांबायला आली, माणसं धावली, कुणी चाकं काढतोय, कुणी बसवतोय, कुणी नुसता हात वर करून उभा, आणि क्षणात हात खाली आला आणि गाडी सुटली. एवढ्या आवाजात कुणाच्या तोंडातून शब्द नाही, सगळं हातांवर. बाबा गुडघ्यावर उठून बसले. "बघलास रे? साचेखाता!" ते इतक्या जोराने ओरडले की आई आतून धावत आली. मला ती माणसं आता पुसट आठवतात, पण बाबांचा चेहरा मात्र स्वच्छ आठवतो.

तेव्हापासून दुपारी, जेवणं झाली की, कॅसेट लागायची. भाड्याने पिक्चर आणायची तर सोयच नव्हती, त्यामुळे हीच. बाबा, त्यांच्या खात्यातले चार-पाच जण, आणि मी. मी हवी असायचे कारण मी बारावी शिकत होते आणि मला इंग्रजी येतं असा चाळीचा समज होता. येत कसलं! परळच्या मराठी शाळेत शिकलेली मी, तो इंग्रज माणूस बोलायला लागला की दहातला एक शब्द हाताला लागायचा. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत असायचे. घरात पीठ चाळणारी, नळावर रांग लावणारी मी, आणि ही बापाच्या वयाची माणसं "काय बोल्लो गो तो?" म्हणून माझ्याकडे वळायची. मला ते आवडायला लागलं, खोटं कशाला बोलू? मग कळलं नाही तिथे मी माझ्या मनाने भरायला लागले. याचं इंजिन तापलंय, त्याचा कालपासून भावाशी वाद चाललाय, हा गाडीत बसायच्या आधी आईच्या पाया पडतो. बाबांचे दोस्त माना डोलवायचे. एकाने तर विचारलं, "कुळाचार पाळतत वाटता?" मी म्हटलं, हो. मात्र एक झालं. तीच ती कॅसेट रोज ऐकून ऐकून त्या माणसाचं बोलणं मला हळूहळू खरंच उलगडायला लागलं. माझं इंग्रजी त्या कॅसेटने केलं. पुढे मी त्यावर पोट भरलं.

सगळ्यांचा लाडका होता एकोणीस नंबर. नाव घेता येत नसल्यामुळे आम्ही त्याला नंबरानेच ओळखायचो. वर्षभरात एकही शर्यत जिंकला नाही बिचारा. कधी चाक निखळायचं, कधी धूर यायचा, कधी काहीच न होता गाडी बसायची. मग तो उतरायचा, टोप काढायचा, गाडीवर एकदा हात ठेवायचा आणि कडेकडेने गवतातून चालत परत यायचा. बाकीच्या गाड्या शेजारून सणसणत जातायत आणि हा आपला पायी. "इलो रे इलो, आमचो माणूस इलो," असं म्हणत आमच्याकडची मंडळी त्याला टाळ्या वाजवायची. त्याची गाडी आम्ही पांढरी समजायचो. परवा नातवाने मोबाइलवर त्याच सालच्या शर्यती शोधून दाखवल्या, तर ती चांगली हळदीसारखी पिवळी. मला उगाचच फसवल्यासारखं वाटलं. एवढी वर्षं ज्याला ओळखतो म्हणत होतो त्याचा साधा रंग माहीत नव्हता.

पावसाळा सरला आणि गिरणीच्या फाटकावर नोटीस लागली. ज्यांना कामावर यायचंय त्यांनी अमुक दिवसापर्यंत फाटकात येऊन हमीपत्रावर सही करावी, नाहीतर त्यांच्या जागी दुसरी माणसं भरली जातील. चाळीत आग लागल्यागत झालं. एकाच खोलीत बाप एकीकडे, मुलगा दुसरीकडे. काही घरांत चुलत्या-पुतण्याचं बोलणं तुटलं ते आजतागायत. आमच्याकडे आई पहिल्या दिवसापासून एकच म्हणत होती, "सही करून येवा. जगाक काय सांगूचा ता मी सांगतंय." बाबा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. ते गॅलरीत बसायचे आणि समोरच्या गिरणीच्या चिमणीकडे बघत राहायचे. आई रात्रंदिवस मागे लागलेली. तिचा आवाज चढायचा, मग फुटायचा, मग ती पदर तोंडाला लावून आत जायची. बाबांची जागा राहणार की जाणार, एवढाच प्रश्न आमच्या त्या दहा बाय बारात भरून राहिला होता, आणि मला त्यातलं काहीच करता येत नव्हतं.

मुदतीला तीन दिवस राहिले असताना बाबा दुपारी म्हणाले, "कॅसेट लाव गो." त्यांचे दोस्त कुणी आले नव्हते, हल्ली एकमेकांकडे जाणंच बंद झालं होतं. बाबा भिंतीला टेकून बसले, मी व्हीसीआरपाशी, आणि आई दाराच्या कोपऱ्यात सुपात सुकट घेऊन डोकी मोडत बसली होती. एरवी पहिल्या आलेल्याला चषक दिला की सगळे उठायचे आणि मी कॅसेट बंद करायचे. त्या दिवशी कुणी उठलं नाही म्हणून ती पुढे चालत राहिली, आणि शेवटी एकोणीस नंबर आला. गाडी ठेवायच्या जागी उभा, टोप काखेत, कोणीतरी त्याच्या तोंडापुढे माइक धरलेला. तो थोडंसंच बोलला, हळू, न अडखळता. बोलता बोलता त्याने हातातले हातमोजे काढले आणि शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या मेकॅनिकच्या हातात ठेवले. मग तो आत गेला. मला त्याचा शब्द न् शब्द कळला. ज्या कॅसेटने मला इंग्रजी शिकवलं, तिच्यातलं हे पहिलं पूर्ण बोलणं जे मला काहीही न गाळता कळलं.

"काय बोल्लो तो?" बाबांनी विचारलं.

आईचे हात सुपात थांबले. ती माझ्याकडे बघत होती. मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हटलं, "म्हणतो, माझी जागा ठेवलीय. पुढच्या साली मी परत येणार."

का म्हटलं? हजारदा विचारलंय मी स्वतःला. त्या घरात त्या वर्षी चांगलं असं कुणी काही बोललंच नव्हतं, हे एक. आणि दुसरं, मला माझ्या शब्दाला वजन आलेलं आवडत होतं. दोन्ही खरं आहे. बाबा म्हणाले, "परत लाव." मी मागे नेऊन परत लावलं. परत तेच सांगितलं. "परत लाव." तिसऱ्यांदा. मला वाटलं, त्यांना ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकायचंय. मी प्रत्येक वेळी आधीपेक्षा ठासून सांगितलं. आई पुढे सरकून बसली होती. "बघा," ती म्हणाली, "वरीसभर काय्येक जमला नाय तरी जागा ठेवल्यानी तेची. माणसां असतत तशी पण." सही न करताही बाबांची जागा राहील असं तिने धरलं, आणि त्या दिवसापासून आई सहीचं बोलायची बंद झाली. संध्याकाळी तिने सुकटीचं कालवण केलं, आमच्या पंक्तीला बसली आणि एक अख्खी भाकरी जेवली. वर अर्धी घेतली. मला इतका आनंद झाला की मी रात्री देवाला नमस्कार करताना त्या एकोणीस नंबरालाही केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसंता आला. बाबांच्या हाताखाली तयार झालेला फिटर, वय तिशीच्या आतलं, दोन लहान पोरं. तो खोलीत यायला तयार होईना, गॅलरीच्या कठड्याला धरून उभा राहिला. "तात्यानू," तो खाली मान घालून म्हणाला, "मी उद्या सही करतंय. तुमका सांगल्याशिवाय जावचा नव्हता." मला वाटलं आता बाबा त्याला चपलेने मारतात. शेजारपाजारचे दारात येऊन उभे राहिले होते. बाबा आत आले, फळीवरून ते तेलाचं फडकं काढलं, बाहेर गेले आणि तो विलायती पाना वसंताच्या हातात ठेवला. "घे. हातात बसता तो." वसंता रडायला लागला. बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "जा आता, पाणी येयत नळाक, बायका इलेत." मी दारामागून बघत होते. मला वाटलं, किती भरवसा बसलाय यांचा माझ्या सांगण्यावर! पाना वसंताला चार दिवस वापरायला दिलाय, स्वतः परत गेले की घेतील. सांगून टाकावं असं वाटलं. अजून दोन दिवस होते. पण आई आत गुणगुणत भांडी घासत होती, तिचं ते गुणगुणणं मला मोडवेना.

मुदत गेली. बाबांनी सही केली नाही. गिरणी अर्धीमुर्धी सुरू झाली, बाबांच्या जागी दुसरा आला. आईला वाटत होतं, बोलावणं येईल, पुढच्या साली येईल. पुढचं साल आलं आणि गेलं. बाबा दादरला एका शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या दुकानात लागले. साचे उचलणारा माणूस दिवसभर बोटाएवढ्या स्क्रूशी झटायचा, संध्याकाळी डोळे चोळत यायचा. आईने गिरगावातल्या एका दुकानासाठी चकल्या पाडायला घेतल्या. तेलाच्या धगीने तिचा खोकला बळावला तो जन्माचा. पुढे वसंताही घरी बसला, कारण ती गिरणी तशीही दोन वर्षांत पुरती बंद पडली. पण मी ते कधी माझ्या बाजूने मोजलं नाही. निदान दोन वर्षांचा पगार तरी आला असता, आईला चकल्या पाडाव्या लागल्या नसत्या, हाच हिशेब माझ्या डोक्यात कायम. मामाने घर बांधल्यावर व्हीसीआर नेला. कॅसेट तेवढी राहिली.

आणि माझी नोकरी बघा. कोर्टात दुभाषी. साक्षीदार एका भाषेत बोलणार, न्यायाधीश दुसऱ्या भाषेत ऐकणार, मधे मी. जे बोललं जाईल तेच सांगेन, कमी नाही, जास्त नाही, अशी शपथ घेऊन मी त्या खुर्चीवर बसले ती निवृत्त होईपर्यंत. साहेब लोक कौतुक करायचे, बाई स्वतःचा एक शब्द घालत नाहीत म्हणून. एका साक्षीत एक म्हातारी रडून म्हणाली, साहेब, माझा मुलगा परत येईल ना? तेही मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं आणि जे उत्तर मिळालं ते जसंच्या तसं तिला. घरी आल्यावर जेवण गेलं नाही. पण सांगितलं बरोबर.

आई गेली त्याला वर्ष झालं होतं. बाबा अजून त्याच खोलीत राहत होते, माझ्याकडे यायला तयार नव्हते. मी रविवारी डबा घेऊन जायचे. अशाच एका रविवारी फळीवर पितळींच्या मागे ती कॅसेट दिसली. डब्यावरचं चित्र उडून गेलं होतं. मला काय झालं कुणास ठाऊक, मी बाबांसमोर बसले आणि सांगायचं ठरवलं. पण बाबांचे कान तोवर पूर्ण गेलेले. तीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट मला ओरडून सांगावी लागली! शेजारची बाई दारात डोकावून गेली. "बाबा, तो एकोणीस नंबर," मी ओरडले, "तो परत येणार म्हणाला नव्हता. मी खोटं सांगितलं तुम्हाला. माझ्यामुळे तुम्ही सही केली नाहीत." आणि मी रडायला लागले, पन्नाशीला टेकलेली बाई.

बाबा माझ्या हातांकडे बघत होते. मग हसले. "माका म्हायत होता."

"काय माहीत होतं?"

"परत येवचो माणूस आपले हातमोजे दुसऱ्याच्या हातात देता काय?" त्यांनी स्वतःचा हात पुढे करून मूठ उघडून दाखवली. "आणि तू. खोटा बोलताना ओढणी पिळतस. ल्हानपणापासून."

माझं रडणं तिथेच थांबलं. मला राग आला, खराखुरा राग. "मग सही का नाही केलीत?"

"सुटे भाग," बाबा म्हणाले. संपाच्या आधी दोन वर्षांपासून साच्यांचे सुटे भाग येईनासे झाले होते. एका साच्याचं काढून दुसऱ्याला लावत ते दिवस ढकलत होते. जी गिरणी चालवायची असते तिचे सुटे भाग मागवतात, एवढं फिटरला कळतं. त्यांची जागा राखून काही उपयोग नव्हता, कारण गिरणीच राहायची नव्हती. मग तिथे मान खाली घालून सही कशाला करायची? मी विचारलं, मग वसंताला का जाऊ दिलंत? "तेची पोरां ल्हान होती. दोन वर्सां तर दोन वर्सां." आणि पाना? "तेका दिलो तो दिलो. कधी परत मागितलेलो बघलंस?"

"आणि आई?" मी ओरडले. "तिला का नाही सांगितलंत? ती वाट बघत राहिली ना, बाबा. शेवटपर्यंत."

बाबांनी गॅलरीकडे तोंड वळवलं. खाली पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांचा गलका वर येत होता, तो त्यांना ऐकू येत नव्हता. "त्या दिवशी तुझी आवस पोटभर जेवली," ते म्हणाले. "लय दिवसांनी. मी गप रवलंय. मगे सांगूक जमला नाय." त्यांनी डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच गालावर राहिलं. एवढी वर्षं मी समजत होते की ते खोटं मी एकटीने वाहिलं. दोघं एकाच खोलीत, एकाच ताटात जेवून, एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होतो, आणि जिच्यासाठी लपवत होतो ती चकल्या पाडत होती. मला फार दमल्यासारखं झालं. अजूनही हे आठवलं की तसंच होतं.

मग बाबा सावरून बसले. "आता खरा सांग. काय बोल्लो तो?"

मी पाठ ताठ केली. हात मांडीवर ठेवले, ओढणीपासून दूर. कोर्टात सांगते तसं, त्याच्याच तोंडचं, एकेक वाक्य थांबून, मोठ्याने सांगितलं. "माझ्या जागी दुसरा माणूस घेतलाय. मला परवा कळलं, तेही तिसऱ्याकडून. माझा कुणावर राग नाही. गाडी चांगली होती. आता मी घरी जातो."

"गाडी चांगली होती म्हणालो?"

"हो."

बाबांनी मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिले. मग त्यांनी विचारलं, "आणि घराक जावन काय केल्यान?"

"ते त्यात नाही, बाबा," मी म्हटलं. "तिथे कॅसेट संपते."

त्यांना ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. पण माझ्या हातांकडे बघता बघता त्यांनी आपला उजवा तळहात पालथा केला आणि हळूच खाली नेला.